चौदावे कलम

पूर्णाकाठ विद्यापीठात कुणाचं काम अडलं की लोक आधी विचारायचे, "फाईल गावंडेसाहेबांकडे तर नाही ना?" आणि हो म्हटलं की विचारणारा कपाळावर हात मारून कॅन्टीनकडे वळायचा. प्रफुल्ल गावंडे म्हणजे करार कक्षाचे उपकुलसचिव. विद्यापीठाला करार मेसवाल्याशी करायचा असो की परदेशातल्या कंपनीशी, शेवटची सही त्यांची. आणि या माणसाला एक वाईट खोड होती. तो सही करण्याआधी वाचायचा. लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरून, तिसरीतल्या पोरासारखा एकेक ओळ वाचायचा.

बरं, वाचायला तोपर्यंत यंत्र आलेलं होतं. शंभर पानांचा मसुदा ते चहा गार व्हायच्या आत वाचून धोक्याच्या ओळी लाल करून द्यायचं. गावंडे तो लाल रंग बघून घ्यायचे, मान डोलवायचे आणि मग खणातून पट्टी काढायचे.

"साहेब, यंत्रानं वाचलंय ना आता?" कुणी न राहवून म्हणे.

"उद्या कोर्टात यंत्र उभं राहणार आहे का बाप्पा? मीच ना?" असं म्हणून ते पुढच्या ओळीवर पट्टी सरकवायचे.

सहीचं तर आणखी वेगळं होतं. संगणकावरच्या सह्यांची इतकी हुबेहूब नक्कल व्हायला लागली होती, की शेवटी सरकारनं हात टेकले. मोठ्या करारावर सही शाईचीच, आणि तीही साक्षीदारासमोर, असा कायदा झाला. गावंडेंना त्याचं फार समाधान वाटलं, कारण ते आधीपासून तसंच करत होते. त्याला कारण होतं एक बाई.

ते साधे कक्षाधिकारी होते तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं मेळघाटातल्या एका कोरकू गावातून रक्ताचे नमुने आणले होते, आणि पुढे ते परस्पर बाहेर पाठवल्याचं उघड झालं. चौकशी चालू असताना त्या गावची सुगंती मावसकर नावाची बाई विद्यापीठात येऊन व्हरांड्यात बसली. तिचा मुलगा वारला होता. त्याला मातीत ठेवला, पण त्याचं रक्त तुमच्या फ्रिजात अडकलंय, ते संपवा म्हणजे तो सुटेल, एवढंच ती म्हणत होती. प्रयोगशाळेनं कळवलं, नमुने नष्ट केले. कुलसचिव दौऱ्यावर होते. ऑफिसच्या रीतीप्रमाणे गावंडेंनी पत्राखाली 'करिता' लिहून कुलसचिवांच्या जागी सही ठोकली आणि पत्र बाईच्या हातात दिलं. तिनं पदराला बांधलं, हात जोडले आणि गेली. दोन वर्षांनी जुना फ्रिज भंगारात काढताना त्या गावाच्या नमुन्यांची आख्खी पेटी त्यात निघाली.

तेव्हापासून माणसाच्या रक्तामांसाशी संबंध असलेल्या प्रत्येक करारात गावंडे एक कलम घालायला लागले. क्रमांक चौदा. करार संपला आणि पुन्हा झाला नाही, तर दोन्ही पक्षांकडचं सगळं साहित्य नष्ट करायचं, आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्यानं ते स्वतः समक्ष पाहून मगच सही करायची. करिता-बिरिता चालणार नाही. दोन्ही पक्ष एवढ्यासाठी, की त्या वेळी चोर आपल्याच घरात निघाला होता. पुढे ते कलम इतकं अंगवळणी पडलं, की नवा मसुदा करताना जुन्या फाईलवरून ते जसंच्या तसं उचललं जायचं. विद्यापीठातच पेशींवर संशोधन करणाऱ्या काळमेघ मॅडमच्या करारातही ते तसंच उचललं गेलं. गावंडेंनी पट्टी लावून वाचलं आणि खुशाल सही केली.

काळमेघ मॅडमचं काम काय होतं ते इथेच सांगून टाकतो. माणसाच्या रक्तातली पेशी घ्यायची आणि तिला अशी काही प्रथिनं द्यायची, की ती आपलं रक्तपण विसरून आईच्या पोटातल्या पहिल्या दिवसांसारखी कोरी होते. मग दुसरी रसायनं देऊन तिला हृदयाच्या वाटेला लावायचं. थोड्या दिवसांत ती बशीतल्या बशीत धडधडायला लागते. हृदयाच्या पेशीला मेंदूचा हुकूम लागत नाही, ठोका तिच्या अंगातच असतो. शेजारी दुसरी ठेवली की आधी दोघी आपापल्या तालात चालतात, मग एकमेकींना धरून घेतात, आणि शेवटी सगळी बशी एका ठोक्यात हलते. अशा पेशींचं पातळ ठिगळ, झटक्यानं निकामी झालेल्या हृदयावर शिवलं, की अंथरुणाला खिळलेला माणूस जिना चढायला लागतो.

अडचण एकच. परक्याची पेशी शरीर ओळखतं आणि हाकलतं. प्रत्येकाच्या पेशीवर ओळखीच्या खुणांचे दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा, आणि दोन्ही जुळणारा दाता मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. पण एखाद्याला दोन्हीकडून एकच संच आला असेल, तर त्याच्या पेशी तो संच असणाऱ्या हजारो लोकांना चालतात. आणि असं बरेचदा कधी होतं? आईबाप एका रक्ताचे असले की.

गावंडेंची बायको वृषाली ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. लहानपणापासून एका ताटात जेवलेली, म्हणून नवऱ्याला सरळ अरेतुरे करणारी. लग्नाच्या वेळी शिकलेल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, नात्यात कशाला, पोरं कशी निपजतील. निपजली ती ओजस्वी. चांगली धडधाकट, बडबडी, याच विद्यापीठात बीएस्सीला. काळमेघ मॅडमनी कॉलेजात रक्त तपासणीचं शिबिर घेतलं, त्यात दोन्हीकडून एकच खूण असलेली म्हणून ही सापडली. त्या दिवशी ती नाचतच घरी आली.

"बाबा, माझी आजी हीच माझ्या आईची आत्या, म्हणून मी सगळ्यांना चालते! आता म्हणा नात्यात लग्न वाईट!"

नवस्पंद नावाच्या कंपनीशी करार झाला. पेशी विद्यापीठाच्या, कारखाना त्यांचा, आणि सरकारी दवाखान्यांना ठिगळ उत्पादनखर्चात. दात्री आपली मुलगी आहे, असं गावंडेंनी फाईलवर लिहूनही दिलं होतं. कुलसचिव माहोरे हसले होते. "पोरीनं रक्त दिलं म्हणजे तुम्ही काय भागीदार झालात होय? करा सही."

पुढच्याच वर्षी ओजस्वी अभ्यास सहलीला चिखलदऱ्याच्या पलीकडे गेली आणि तापानं फणफणली. तिला तिथल्याच दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. हे दोघं निघाले तर घाटात दरड कोसळलेली. गाडीत बसून राहिले. वाट मोकळी होऊन पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तोंडात पाणी कुणी घातलं का, हे वृषालीनं तिथल्या नर्सला विचारलं. नर्सला आठवत नव्हतं.

त्यानंतर एका गुरुवारी काळमेघ मॅडमनी वृषालीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि ओजस्वीच्या पेशींच्या बशीवर लावलेल्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. चांगलं केलं की वाईट, देव जाणे. पण तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी वृषाली तिथे जायला लागली. घरी आली की सांगायची. "आज जरा जोरात होती." "आज नवीन बशीत घातलीय, अजून बुजलेली आहे." गावंडे पेपरचं पान उलटायचे. ते एकदाही गेले नाहीत. पोर गेली ती गेली, असं ते स्वतःला सांगायचे, आणि वृषालीनं भरून दिलेला डबा, वृषालीचं स्वयंपाकघरातलं गुणगुणणं, वृषालीचं जगणं या गुरुवारावर उभं आहे, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी तिला कधी अडवलं नाही.

पाच वर्षांची मुदत संपत आली आणि नवस्पंदचा नवा मसुदा आला. यंत्रानं तो वाचून सगळा हिरवा दिला. गावंडेंनी पट्टी लावली. सरकारी दवाखान्यांचं कलम गाळलेलं होतं. गाळलेल्या ओळीला यंत्र लाल रंग कुठून देणार? पुढे पट्टी पुन्हा थांबली, यंत्राला नेहमीच्याच वाटलेल्या एका ओळीखाली. "सदर पेशी व तत्सम दात्यांच्या सर्व पेशी" कायमच्या कंपनीच्या.

तत्सम दाते म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं. शिबिरात ओजस्वीखेरीज आणखी तिघं सापडली होती, एकच खूण असलेली. त्यांतली एक वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलगी, पल्लवी. त्यांच्या पेशी जुन्या करारात नव्हत्या, त्यांच्यावर काम आत्ता कुठे सुरू झालं होतं, आणि सरकारी दवाखान्यांची पुढची सगळी आशा त्यांच्यावर होती.

कुलसचिवांच्या दालनात माहोरेंनी चहा मागवला, तेव्हाच गावंडेंना कळलं की बोलणं अवघड आहे.

"मी त्यांच्याशी भांडून पाहिलं," माहोरे म्हणाले. "हे तरी नाहीतर काहीच नाही, म्हणतात. आणि करार झाला नाही तर तुमचं चौदावं लागू होतं. आपल्याकडचं पण सगळं नष्ट. ते कलम काढू म्हटलं, तर तेही नाही म्हणतात. आपल्या हातात पेशी राहिल्या तर त्यांचा धंदा बसतो ना."

गावंडेंनी चहा बाजूला सरकवला.

"वहिनी दर गुरुवारी जातात, मला माहीत आहे हो." माहोरेंनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. "तुम्हाला सही करणं जड जात असेल तर चार दिवस रजेवर जा. मी दुसऱ्या कुणाकडून तुमच्याकरिता सही घेतो. तुमच्या हाताला डाग नको, आणि पोर... म्हणजे ते... तेही राहील."

रजेचा अर्ज माहोरेंनी टेबलावरून पुढे सरकवला. गावंडेंनी तो घडी करून खिशात घातला.

घरी त्यांनी वृषालीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि तिचा चेहरा उजळला.

"मग जाऊ ना रजेवर! माझ्या माहेरी जाऊ. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"वृषा, त्या तीन पोरांना कुणी विचारलंही नाही. त्यांचं रक्त कायमचं विकलं जाईल. आणि ठिगळ मग आपल्या दवाखान्यात कुणाला मिळणार नाही."

"मला लोकांच्या पोरांचं काय सांगतोस? माझी कुणी राखली?"

गावंडेंनी खाली पडलेली मेथीची काडी उचलली. वृषाली त्यांच्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "नको करू करार. पण एक कुपी ठेव. एकच. काळमेघ मॅडम तयार आहेत, मी बोललेय त्यांच्याशी. तू कागदावर सही कर की सगळं संपलं. कुणाला कळणार आहे?"

"असा कागद मी एकदा दिलाय."

"काय?"

मग त्यांनी तिला सुगंती मावसकरचं सांगितलं. इतक्या वर्षांत घरात हा विषय कधी निघाला नव्हता. बाईनं पत्र पदराला कसं बांधलं, तेही सांगितलं. "तिला वाटलं पोरगा सुटला. माझ्या सहीवर विश्वास ठेवून गेली ती. आणि तो फ्रिजात होता."

वृषालीचे डोळे कोरडे होते. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या बाईला संपवायचं होतं. मला नाही. हे कळतंय ना तुम्हाला?" आणि दारातून वळून, "करा तुम्ही सही, साहेब."

उभ्या जन्मात तिनं त्यांना तुम्ही म्हटलं नव्हतं. गावंडेंच्या काळजाला घरं पडली. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी रजेचा अर्ज कोराच माहोरेंना परत दिला, आणि नव्या मसुद्यावर हातानं लिहिलं, "मंजूर करू नये." खाली आपली सही केली. माहोरेंनी मसुदा तसाच कंपनीकडे परत पाठवला. कंपनीकडच्या पेशी विद्यापीठाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं कारखान्यात जाऊन आपल्यासमोर नष्ट करून घेतल्या. आता विद्यापीठाची पाळी.

घरात बोलणं बंद झालं. ताट वाढलं जाई, पाणी ठेवलं जाई, आणि वृषाली आतल्या खोलीत निघून जाई. नष्ट करायचा दिवस शुक्रवारचा ठरला. काळमेघ मॅडमनी तो मुद्दाम मागितला होता, वृषालीचा एक गुरुवार मिळावा म्हणून.

शुक्रवारी सकाळी गावंडे चपला घालत होते, तर वृषाली साडी बदलून बाहेर आली.

"मीपण येतेय."

वाटेत रिक्षात ती आपणहून बोलली. "काल ती मेसवाल्या बाईची पोर आली होती तिथे. मी बघत होते तर माझ्या खांद्यावरून डोकावली. म्हणते कशी, काकू, माह्यंही असंच धडधडन का? तिच्या आईला दम लागतो म्हणे, चार पायऱ्या चढवत नाहीत." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ओजूएवढीच आहे रे." तो रे ऐकून गावंडेंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

प्रयोगशाळेत गोठवलेल्या कुप्या आधी वितळवून काळमेघ मॅडमनी त्यांच्यादेखत जंतुनाशकात टाकल्या. त्या नुसत्या कुप्या होत्या, बघताना काही वाटलं नाही. शेवटी एक बशी उरली, सूक्ष्मदर्शकाखाली.

"आधी तुम्हाला बघावं लागेल, सर," मॅडम म्हणाल्या. "साहित्य तेच आणि जिवंत आहे, हे पाहून मग. तुमच्याच कलमात आहे."

गावंडे बसले. डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड दिसला, मग मॅडमनी चाक फिरवलं.

फिकट गुलाबी, पातळ साय होती आणि ती उडत होती. तान्ह्या बाळाची टाळू उडते ना, तशी. ओजू तान्ही असताना रोज संध्याकाळी तिच्या टाळूवर तेल घालायचं काम त्यांचं होतं, कारण वृषालीला भीती वाटायची. बोटाखाली असंच उडायचं. इतकी वर्षं हे इथे चालू होतं, त्यांच्या ऑफिसापासून हाकेच्या अंतरावर, आणि ते पेपरचं पान उलटत होते. "अगं माझे माय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग ते लहान पोरासारखे रडले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

मॅडमनी जंतुनाशकाची पिचकारी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. वृषाली पुढे झाली.

"माझ्या हातानं घालते."

"वहिनी, नियमानं प्रयोगशाळेच्या माणसानंच..."

"कुणाच्या हातानं ते कलमात लिहिलेलं नाही," गावंडे डोळा न हलवता म्हणाले. "मीच लिहिलंय ते. घालू द्या तिला."

भिंतीवरच्या पडद्यावर तेच चित्र मोठं होऊन दिसत होतं. "तो बंद करा," वृषाली म्हणाली. तिनं पिचकारी हातात घेतली, बशीच्या काठाशी टेकवली आणि मान फिरवून, डोळे मिटून, थेंब थेंब सोडलं. तिचे ओठ हलत होते. बघत होते ते फक्त गावंडे, आणि शेवटपर्यंत त्यांनी डोळा काढला नाही.

मग कागद आला. 'सदर साहित्य माझ्या समक्ष नष्ट करण्यात आले.' पट्टी आणलेली नव्हती. त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं आणि शाईची सही केली. साक्षीदार म्हणून खाली वृषालीनं केली.

पुढच्या गुरुवारी दुपारी गावंडे ऑफिसातून उठून घरी आले. का आले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दार उघडं होतं. वृषाली साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात बसलेली होती.

"सवय रे मेली," ती म्हणाली.

गावंडे तिच्या शेजारी उंबऱ्यातच टेकले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग तिनं विचारलं, "प्रफुल, मी नव्हतं बघितलं. तू बघत होतास. शेवटी कशी होती?"

"आधी कडेकडेनं थांबत आली. मग मधलं थांबलं. पण एक कोपरा होता बघ, डावीकडचा. तो काही ऐकायलाच तयार नाही. सगळं शांत झालं तरी आपला एकटाच चालू."

"हट्टी मेली," वृषाली म्हणाली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. शिबिरापासूनचं, घाटापासूनचं, सगळं त्या उंबऱ्यात वाहून गेलं. गावंडेंनी तिच्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

जरा शांत झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुन्हा सांग," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.